बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत

स्मार्ट स्विच बसवलेल्या घरांतून मला सर्वांत जास्त फोन येतात ते मोठ्या बिघाडांचे नसतात. "मॅडम, लाईट लागतो, पण जरा वेळानं लागतो," असं लोक सांगतात. हा 'जरा वेळ' बहुतेकदा एका सेकंदाच्या आतला असतो. एवढ्याशासाठी कुणाला बोलवायचं म्हणून सांगणाऱ्यालाच संकोच वाटत असतो. मी मात्र ही तक्रार फार गंभीरपणे घेते. बंद पडलेलं उपकरण बदलता येतं. उशिरा चालणारं उपकरण भिंतीवर तसंच राहतं आणि घरातल्या माणसांचा त्यावरचा विश्वास रोज थोडाथोडा कमी करत राहतं.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरांचं ऑटोमेशन करून देणं हे माझं काम. त्याआधी स्विचच्या आतल्या सर्किटवर आणि फर्मवेअरवर काम केलं होतं, त्यामुळे बोर्ड उघडला की आत कोण कुणाची वाट बघत असेल याचा अंदाज येतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. दिवा लावण्याचा निर्णय बटणाच्या जितका जवळ होईल, तितकं ते घर राहायला चांगलं. उशीर कमी करण्याचे बाकीचे सगळे उपाय या एका गोष्टीतून निघतात.

साध्या स्विचनं आपल्या हाताला एक सवय लावली आहे. पट्टी दाबली, आतले संपर्क जुळले, दिवा लागला. मध्ये कुणी नाही. संगणकाच्या प्रतिसादाला किती वेळ लागलेला माणसाला चालतो, यावर रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली एक निबंध लिहिला. कळ दाबल्यावर काहीतरी घडल्याची खूण ०.१ ते ०.२ सेकंदांत मिळाली पाहिजे, असं त्यांनी त्यात मांडलं. पुढे १९९३ साली जेकब नील्सन यांनीही 'लगेच झालं' असं वाटण्याची मर्यादा ०.१ सेकंदच धरली. माझा अनुभव याला धरूनच आहे. बटण दाबल्यापासून ०.१ सेकंदात उजेड दिसला तर कुणाचं लक्षही जात नाही. ०.२ पर्यंत चालून जातं. त्यापुढे गेलं की बोट परत बटणाकडे वळतं, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

कोथरूडमधल्या एका घरात हा घोळ मी जवळून पाहिला. घरातल्या आजी रात्री उठल्या की पॅसेजमधलं बटण दाबायच्या. दिवा लागायचा नाही, म्हणून त्या पुन्हा दाबायच्या. तेवढ्यात पहिल्या दाबण्याचा निरोप पोचून दिवा लागायचा आणि त्यामागोमाग दुसरा निरोप येऊन विझायचा. अंधारात उभ्या असलेल्या पंच्याहत्तरीच्या बाईच्या डोळ्यांसमोर लखकन उजेड होऊन पुन्हा काळोख. त्यांनी शेवटी उशाशी बॅटरी ठेवायला सुरुवात केली. "अगं, मला त्या बटणाचा भरवसा नाही," असं त्या मला म्हणाल्या. घरच्यांना वाटत होतं की आजींना नवीन गोष्टी जमत नाहीत. खरं तर आजी अगदी बरोबर वागत होत्या. दिवा लागला नाही तर माणूस पुन्हा बटण दाबणारच. चूक भिंतीत होती.

अशा ठिकाणी मी आधी मोजमाप करते, कारण 'जरा वेळ' म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बऱ्याच मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारं स्लो मोशन असतं. बटण आणि दिवा दोन्ही दिसतील असा मोबाईल स्टुलावर ठेवायचा. बरोबरच्या वायरमन दादांनी बटण दाबायचं. मग चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत बघायचं. दोन चौकटींमधलं अंतर सुमारे ४ मिलिसेकंद. पट्टी खाली गेलेली चौकट आणि उजेड दिसलेली पहिली चौकट यांमध्ये २४ चौकटी असतील, तर तो ०.१ सेकंद झाला. पन्नास-साठ असतील तर तक्रार खरी आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण चित्रणात स्पष्ट दिसतं. म्हणून 'लागला' कधी म्हणायचं हे एका चौकटीवरून न ठरवता पुढच्या दोन-तीन बघून ठरवावं लागतं.

दुसरं मोजमाप कानांचं. स्विचच्या मॉड्यूलमध्ये रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारा संपर्क असेल, तर तो चालू होताना 'टक' असा आवाज येतो. बटण दाबल्याबरोबर टक ऐकू आलं आणि उजेड नंतर आला, तर स्विच निर्दोष आहे आणि उशीर बल्बच्या ड्रायव्हरचा, म्हणजे त्याच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचा आहे. ड्रायव्हरमधला कपॅसिटर भरून बल्ब पेटायला काही बल्बांना अर्धा सेकंदही लागतो. तसं असेल तर हजारोंचा स्विच बदलण्याऐवजी चांगला बल्ब लावला की काम होतं. टक आवाजच उशिरा आला, तर मात्र बोर्ड उघडायचा. रिले स्वतः ५ ते १० मिलिसेकंदांत मिटतो, म्हणजे त्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

पॅसेजमधला टक आवाज उशिरा येत होता, आणि त्याची कारणं एकाहून जास्त होती.

पहिलं कारण स्विचच्याच आत होतं. हल्लीच्या स्विचला एकदा दाबलं तर दिवा, दोनदा दाबलं तर पंखा, दाबून धरलं तर सगळं बंद, असं बरंच काही शिकवता येतं. विकताना हे छान वाटतं. पण दोनदा दाबणं ओळखायचं असेल तर एकदा दाबल्यावर स्विचला थांबावंच लागतं, कारण दुसरी टिचकी येते का हे त्याला बघायचं असतं. हा थांबा साधारण पाव ते अर्धा सेकंद असतो. म्हणजे जे काम रोज पन्नास वेळा करायचं, त्यात प्रत्येक वेळी उशीर केला जातो, आणि तो होतो महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या सोयीसाठी. बऱ्याच स्विचच्या सेटिंगमध्ये ही दुहेरी टिचकी बंद करता येते. आजींच्या पॅसेजमध्ये ती कुणी वापरतच नव्हतं. बंद केल्याबरोबर निम्म्याहून जास्त उशीर गेला. एक पैसा खर्च झाला नाही.

इथे एक थांबा मात्र ठेवावा लागतो. कुठलंही बटण दाबलं की आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याची चारपाच दाबणी झाल्यासारखी दिसतात. ती गाळण्यासाठी फर्मवेअर थोडा वेळ थांबतं. पण संपर्क पहिल्यांदा जुळल्याबरोबर दिवा लावायचा आणि नंतरची थरथर दुर्लक्षित करायची, असंही लिहिता येतं. थरथर संपायची वाट बघून मग दिवा लावणं हा आळशी मार्ग आहे. हा फरक ५० मिलिसेकंदांचा असू शकतो, म्हणजे आपल्या ०.१ सेकंदाच्या हिशेबातला निम्मा.

दुसरं कारण घराबाहेर होतं. पॅसेजच्या एका टोकाला दिव्याचं मॉड्यूल एका कंपनीचं आणि दुसऱ्या टोकाला भिंतीला चिकटवलेलं बॅटरीवरचं बटण दुसऱ्या कंपनीचं. जुन्या वायरिंगमध्ये टू-वे काढलेलं नव्हतं, म्हणून ही सोय केली होती. ते बटण दाबलं की निरोप राऊटरकडे, तिथून बटणाच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथून दिव्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग परत त्याच घरात येत होता. दहा फुटांवरचा दिवा लावायला निरोप हजारो किलोमीटर फिरत होता.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्याहून तिथवरचं अंतर नगण्य आहे. ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केलं, तेव्हापासून इथल्या उपकरणांना जवळचा सर्व्हर मिळणं सोपं झालं. पण सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर नुसत्या जाण्यायेण्याला ०.२ सेकंद लागतात. त्यात सर्व्हरचं स्वतःचं काम आणि दोन कंपन्यांमधली ओळखपाळख धरली, की सेकंदाचा हिशेब सुरू होतो. शिवाय हा उशीर रोज सारखा नसतो. संध्याकाळी सोसायटीतले सगळे व्हिडिओ बघत असतात तेव्हा वेगळा आणि पहाटे वेगळा. उशीर नेहमी सारखा असेल तर हात एक वेळ जुळवून घेतो. कधी पटकन आणि कधी उशिरा, याची सवय माणसाला होत नाही. म्हणून मी सरासरी बघून समाधान मानत नाही, सर्वांत वाईट वेळ किती आली ते बघते.

त्या घरात आम्ही उपकरणांचे निरोप घरातच फिरवणारा एक छोटा हब बसवला आणि बटण व दिवा दोन्ही त्यावर घेतले. निरोप घराच्या आतच राहिला. जिथे बटण आणि दिवा दोन्ही झिग्बी या बिनतारी मानकावर चालतात, तिथे त्यांना थेट एकमेकांशी बांधताही येतं आणि हबलाही मध्ये पडावं लागत नाही. झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी मानकातही अशी थेट जोडणी असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकाचा मला सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी घरातल्या घरात एकमेकींशी बोलायचं, बाहेरच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय, हे त्यात गृहीत धरलं आहे.

घराच्या आतली हवाही मोकळी नसते. वायफाय, झिग्बी, थ्रेड, ब्लूटूथ हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात. आपल्या सोसायट्यांमध्ये एका खोलीत मोबाईल काढला तर शेजारच्या, वरच्या, खालच्या घरांची पंधरावीस वायफाय नावं दिसतात. एक बोलत असताना दुसऱ्यानं थांबायचं हा वायफाय, झिग्बी आणि थ्रेडचा नियम, त्यामुळे गर्दी वाढली की प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो. निरोप आपटला तर तो पुन्हा पाठवावा लागतो, त्यात आणखी वेळ जातो. वायफायचे १, ६ आणि ११ हे चॅनेल नेहमीचे. झिग्बीचे १५ आणि २० हे चॅनेल त्यांच्या मधल्या फटींत बसतात आणि २५ हा अकराच्या पलीकडे राहतो. घरातल्या वायफायचा चॅनेल एकदा पक्का करून, २.४ ची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणून, झिग्बीला मोकळी फट दिली की फरक दिसतो.

वायफायवर चालणाऱ्या स्विचचं आणखी एक दुखणं म्हणजे झोप. वीज वाचवण्यासाठी त्यांच्यातला रेडिओ मधूनमधून झोपतो आणि राऊटरच्या ठरावीक हाकेला जागा होतो. ही हाक साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते. प्रत्येक हाकेला जागा होणाऱ्या स्विचला निरोप मिळायला ०.१ सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो आणि तीन हाकांनी एकदा जागा होणाऱ्याला ०.३ पर्यंत. बॅटरीवरच्या सेन्सरला ही काटकसर शोभते. भिंतीतल्या २३० व्होल्टवर चोवीस तास बसलेल्या स्विचला तिची गरज नाही. सेटिंगमध्ये सोय असेल तर मी ती झोप बंद करते.

बाकी अडथळे हातानं शोधावे लागतात. आपल्याकडचे जुने बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवलेले असतात. मॉड्यूल त्या डब्यात गेलं की त्याचा आवाज दबतो. त्यात आरसीसीच्या भिंती आणि स्लॅब. अशा ठिकाणी मॉड्यूलची अँटेना असलेली बाजू डब्याच्या पत्र्याकडे न ठेवता प्लास्टिकच्या प्लेटकडे ठेवायची, एवढं केलं तरी पुष्कळ सुधारणा होते. हबचा रेडिओ यूएसबी ३.० च्या डिस्कशेजारी खोचलेला असेल तर त्या डिस्कचा गोंगाट थेट २.४ च्या पट्ट्यात येतो. इंटेलनं २०१२ साली यावर एक टिपणच काढलं होतं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून रेडिओ लांब नेला की ते थांबतं. आणि झिग्बीचे स्मार्ट बल्ब एकमेकांचे निरोप पुढे पोचवत असतात, त्यामुळे कुणी भिंतीवरच्या बटणानं बल्बची वीजच तोडली तर दुसऱ्याच खोलीतला दिवा अडखळू लागतो. लोकांना ते भुताटकीसारखं वाटतं. अशा बल्बांची वीज कायम चालू ठेवायची, किंवा साधे बल्ब लावून स्मार्टपणा स्विचमध्ये ठेवायचा. आपल्या घरांसाठी मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण आपल्याकडे बाहेर पडताना बटण बंद करायची सवय चांगली आहे आणि ती मोडायला कुणाला सांगू नये.

डिमरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे निरोप वेळेवर पोचूनही उशीर वाटतो, कारण दिवा हळूहळू उजळायला सांगितलेलं असतं. फिलिप्स ह्यूच्या दिव्यांत कुठलाही बदल मुळात ०.४ सेकंदात होतो. तो डोळ्यांना बरा वाटतो, पण त्याची सुरुवात लगेच दिसली पाहिजे. एक हिशेब मांडते. डिमर शून्यापासून शंभरपर्यंत एका सेकंदात चढतो. त्याला जोडलेला एलईडी दिवा २० टक्क्यांच्या खाली पेटतच नाही. मग पहिले ०.२ सेकंद डिमर इमानदारीत काम करत असतो आणि खोलीत काळोख असतो. रेडिओ, राऊटर, सर्व्हर काहीही बदललं तरी हे ०.२ सेकंद कमी होत नाहीत. उपाय म्हणजे त्या दिव्याची खालची मर्यादा शोधायची आणि डिमरला तिथून सुरुवात करायला सांगायचं. मी दिवा पूर्ण मंद करून अंधाऱ्या खोलीत थोडाथोडा वाढवत जाते, तो न लुकलुकता जिथे पेटतो तो आकडा लिहून घेते आणि त्याच्या किंचित वर किमान पातळी ठेवते. नंतर चढाई कितीही संथ ठेवली तरी माणसाला उत्तर मिळालेलं असतं.

एका डिमरनं हॉलमधले आठ दिवे चालवायचे असतील तर आणखी एक काळजी. हब प्रत्येक दिव्याला वेगळा निरोप पाठवत असेल तर दिवे एकामागून एक लागतात आणि शेवटच्याला उशीर होतो. सगळ्यांचा एक गट करून एकच निरोप दिला की ते एकदम लागतात. पण डिमरची पट्टी सरकवताना असे गटनिरोप एकापाठोपाठ एक सोडले तर झिग्बीचं जाळं तुंबतं. म्हणून सरकवताना दर टप्प्याला निरोप पाठवण्याऐवजी 'चढायला लाग' आणि 'थांब' एवढे दोनच पाठवायचे.

दुहेरी दाबण्याचा घोळ निस्तरायलाही असाच साधा बदल पुरतो. 'आहे त्याच्या उलट कर' असा निरोप देण्याऐवजी 'चालू कर' किंवा 'बंद कर' असा स्पष्ट निरोप द्यायचा. मग कुणी घाईत दोनदा दाबलं तरी दोन्ही निरोप 'चालू कर' असेच पोचतात आणि दिवा चालूच राहतो. आजींच्या बटणाची वरची बाजू 'चालू', खालची 'बंद' अशी आम्ही ठरवून दिली. त्यानंतर एकदा सून फोनवर म्हणाली, "आई आता बॅटरी शोधत नाहीत." मोबाईलवरच्या चौकटी मोजून मला समाधान मिळालं होतंच, पण काम पूर्ण झालं असं मला त्या फोननंतर वाटलं.

आपल्याकडे आणखी एका उशिराचा विचार करावाच लागतो. लाईट जाते आणि येते. ती आल्यावर राऊटर आणि फायबरचा डबा पुन्हा उभे राहायला एकदोन मिनिटं घेतात. त्या मिनिटांत भिंतीवरचं बटण मुकं होत असेल तर बाकी सगळ्या मिलिसेकंदांना काही अर्थ नाही. म्हणून बटणाची वायर थेट त्या दिव्याच्या रिलेला जोडलेल्या मॉड्यूलमध्ये जावी, आणि नेटवर्क असो वा नसो, दाबल्यावर रिले चाललाच पाहिजे, हा आमचा नियम आहे. नेटवर्कला नंतर कळवलं तरी चालतं. जुन्या घरांत स्विचबोर्डमध्ये न्यूट्रल नसते, तेव्हा हे अवघड होतं. अशा वेळी न्यूट्रल ओढून घ्या असं आम्ही सांगतो, थोडी तोडफोड झाली तरी. जी गोष्ट पुढची वीस वर्षं हाताखाली राहणार, तिच्यासाठी एक दिवस धूळ सहन करणं वाजवी आहे.

या कामात मला एक गोष्ट वारंवार दिसते. उशीर कुणी मुद्दाम करत नाही. दुहेरी टिचकीची सोय देणाऱ्यानं ती चांगल्या हेतूनं दिली. सर्व्हरवर काम नेणाऱ्याला त्याचा व्यवहार सोपा करायचा होता. रेडिओला झोपवणाऱ्यानं वीज वाचवली. प्रत्येकानं आपल्यापुरता थोडा वेळ घेतला आणि सगळ्यांची बेरीज अंधारात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला आली. म्हणून ही बेरीज कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती जबाबदारी घरात शेवटचा हात लावणाऱ्याची, म्हणजे बसवणाऱ्याची आहे असं मी मानते. नवीन मुलं कामाला येतात तेव्हा त्यांना मी ॲप शेवटी शिकवते. आधी स्लो मोशनमध्ये चौकटी मोजायला आणि रिलेचा टक आवाज ऐकायला लावते.

तुम्ही घरात असे स्विच बसवणार असाल तर दुकानात किंवा नमुना फ्लॅटमध्ये दोन गोष्टी करून बघा. राऊटरमधून इंटरनेटची वायर काढायला सांगा आणि बटण दाबा. मग बटण पटापट दोनदा दाबा आणि दिवा काय करतो ते बघा. पहिल्या वेळी दिवा लगेच लागला आणि दुसऱ्या वेळी गोंधळला नाही, तर ती वस्तू घरात आणण्याजोगी आहे. तसं झालं नाही, तर रंग आणि ॲप कितीही देखणं असो, घेऊ नका. आणि स्विच आधीच भिंतीत बसले असतील, तर उशिराची सवय करून घेऊ नका. बसवणाऱ्याला बोलवा, बटण दाबून दाखवा आणि तो उशीर कमी करून मागा. तो कमी करता येतो.